धुराड्याच्या दुसऱ्या टोकाला

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गंगापूर धरणाच्या बाजूला बंगला बांधला. वास्तुशांतीला गेले तेव्हा त्याने हाताला धरून मला दिवाणखान्यात नेलं आणि भिंतीत बसवलेली पेटी दाखवली. काळी, जाड बिडाची. पुढे काचेचं दार, आत विटांचं अस्तर, मागून वर गेलेली स्टीलची नळी. लाकडावर चालणारी बंद शेगडी, परदेशी बनावटीची. "बाई, यात धूर नाही. दार लावलं की घरात वाससुद्धा येत नाही. तुम्ही विज्ञान शिकवलंत आम्हाला, यात काय वाईट आहे ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्याच्या वास्तुशांतीत वाद घालायचा नसतो, म्हणून मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले. पण गेल्या वर्षभरात त्याने ओळखीच्या चार घरांना या शेगडीची गळ घातली. त्यातल्या दोघांनी भिंत फोडायला घेतली आहे. लाकूड नैसर्गिक आहे, शेगडी आधुनिक आहे, आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर चूल पेटवली, नाशिकला थंडी पडतेच, असं सगळं तो पटण्यासारखं मांडतो. म्हणून आता सविस्तर उत्तर देते.

त्याचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत दिसते तशी उघडी फायरप्लेस हा उष्णतेचा निव्वळ अपव्यय असतो. लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के खोलीला मिळते. बाकीची धुराड्यातून जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. त्या उघड्या कोनाड्यात ही बंद पेटी बसवली की चित्र बदलतं. हवा झडपेतून मोजून आत जाते. वरच्या बाजूने तापलेली हवा पुन्हा सोडलेली असते, त्यामुळे धुरात जे वायू न जळता निघून गेले असते ते तिथेच पेटतात. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. चांगली शेगडी, सुकं लाकूड आणि जाणता हात असेल तर सत्तर-पंचाहत्तर टक्के उष्णता घराला मिळते. काश्मिरात किंवा हिमाचलात, जिथे आठवडेच्या आठवडे पारा शून्याच्या खाली असतो आणि लोक पत्र्याच्या बुखारीवर दिवस काढतात, तिथे अशी शेगडी कुणी घेतली तर मी त्याचं कौतुक करीन.

पण हे यंत्र ज्या घरांसाठी निघालं, त्या घरांत फायरप्लेस आधीपासून होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची चूक भिंतीत बसलेली होती आणि ती दुरुस्त करायला ही पेटी आली. नाशिकच्या घरांत ती चूक कधी नव्हतीच. आपण आधी चांगली भिंत फोडतो, स्लॅबला भोक पाडतो, धुराडं उभं करतो आणि मग त्यात दुरुस्ती बसवतो. या स्लॅबवर चार महिने पाऊस कोसळणार आहे. शेगडी पेटणार फार तर पन्नास रात्री. उरलेले तीनशे दिवस ते धुराडं पाणी आत घेणार, त्यात पारवे काड्या आणणार, मधमाश्या पोळं करणार आणि आतलं लोखंड गंजणार.

नाशिकच्या थंडीबद्दल मला कुणी नवं सांगू नये. ७ जानेवारी १९४५ रोजी या शहराचा पारा ०.६ अंशांपर्यंत उतरला होता. निफाडला थंडीची लाट आली की दवाचे थेंब पानांवर गोठतात आणि द्राक्षबागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. त्यांच्या शेकोटीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. वर्षाचं पीक मण्यांत उतरलेलं असतं, मणी तडकले की घर बसतं. पण त्याच निफाडला दुपारी दोन वाजता काय असतं? अंगातला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. जानेवारीतही आपल्याकडे दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांपर्यंत ऊन तापतं आणि पहाटे दहाच्या आसपास गारठा असतो. ही थंडी चार-सहा तासांची आहे, तीही पहाटेची, माणसं पांघरुणात असतात तेव्हाची. आणि या मुलाची शेगडी पेटते संध्याकाळी सात ते अकरा, पाहुणे असतात तेव्हा. थंडी आणि आग यांची वेळसुद्धा जुळत नाही.

आता त्या पंचाहत्तर टक्क्यांकडे येते. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे लाकूड ठरावीक मापाचं असतं, त्यातलं पाणी मोजलेलं असतं, वीस टक्क्यांच्या आत. आपलं लाकूड येतं वखारीतून. बाभूळ, आंबा, कडुनिंब, कधी जुन्या बागेचे उपटलेले वेल. ते पावसाळाभर उघड्यावर किंवा फाटक्या ताडपत्रीखाली पडलेलं असतं आणि वजनावर विकलं जातं. म्हणजे जितकं ओलं तितकं दुकानदाराच्या फायद्याचं, आपण पाणीही लाकडाच्या भावाने घेतो. मी माझ्या विद्यार्थ्याच्या ढिगातले दोन ओंडके उचलून पाहिले होते. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की सुकं लाकूड टणक वाजतं, हे बद्द वाजले. असं लाकूड शेगडीत गेलं की पहिली उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. आग थंड राहते, वरची तापलेली हवा पुरेशी तापत नाही आणि वायू न पेटताच नळीत चढतात. नळी गार असली की ते तिच्या आतल्या अंगाला डांबरासारखे चिकटून बसतात. हा थर वाढला की एके रात्री तोच पेट घेतो. धुराड्याला लागणाऱ्या आगी अशाच लागतात. रात्रभर धुमसत राहावं म्हणून झडप पुरती आवळली तर हेच सगळं दुप्पट होतं, आणि मग त्यात बिनवासाचा, बिनरंगाचा कार्बन मोनॉक्साइडही आला. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू असेल आणि खिडक्या घट्ट बंद असतील, तर धुराडं उलटं ओढायला लागतं आणि हा वायू खोलीत उतरतो.

"मी काळजी घेईन बाई," असं तो म्हणेल. त्याच्या काळजीवर माझा विश्वास आहे. पण या देशाला सुधारलेल्या चुलींचा लांबलचक अनुभव आहे आणि तो विसरून चालणार नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि लाखो घरांत धुराडी बसवली. कागदावर त्या चुली उत्तम होत्या. घरात गेल्यावर धुराडी काजळीने तुंबली, फुटली, तव्याच्या मापाची नाहीत म्हणून तोंडं कोयत्याने मोठी केली गेली. ओडिशात अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो घरांत अशा चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी फुप्फुसात जाणारा धूर थोडा कमी झाला, पुढे तो फायदा विरून गेला, कारण चुली सांभाळल्या गेल्या नाहीत. "ते गरीब लोक होते, त्यांची गोष्ट वेगळी" असं म्हणायची सोय नाही. ब्रिटनमध्ये शेफील्ड शहरातल्या १९ घरांत, सरकारने धूरबंदीच्या भागात वापरायला मान्यता दिलेल्या शेगड्यांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले. लाकूड घालायला दार उघडलं की धुराचे सूक्ष्म कण खोलीत भसकन येतात आणि मग तासन्‌तास तिथेच राहतात. वास येत नाही म्हणून कण नाहीत, हा समज या तपासणीने खोटा ठरवला. काच बंद असताना तो बरोबर आहे, पण लाकूड घालायला काच दर तासाला उघडावीच लागते.

आणि आजीची चूल. हा मुद्दा ऐकला की माझ्या घशात काहीतरी अडकतं, कारण मी चुलीच्या घरातली आहे.

आमचं बिऱ्हाड जुन्या नाशकात होतं, वाड्याच्या मागच्या अंगाला. मोरीजवळ तांब्याचा बंब होता, नाशिकच्याच तांबटाने ठोकलेला, माझ्या छातीइतका उंच. मधून नळी, भोवती पाणी, खाली जाळी. पहाटे पाचला आई रॉकेलचा बोळा पेटवून जाळीवर ठेवायची, त्यावर करवंट्या, मग लाकडाच्या ढलप्या वरून नळीत सोडायची. थोड्याच वेळात बंब गुरगुरायला लागायचा. तोटी सोडली की कढत पाणी यायचं आणि घमेल्यात पडताना वाफ व्हायची. मला तो बंब अजून सुंदर वाटतो. चिंचेने घासला की सकाळच्या उन्हात तो लखलखायचा. विचार केला तर तीही बंद शेगडीच होती, आणि लाकूड वाचवणारी होती. फक्त तिची नळी आईच्या चेहऱ्याच्या उंचीला संपत होती. ढलपी टाकायला वाकलं की धूर सरळ तोंडावर. मग तिथून उठून ती चुलीपुढे बसायची, ओली शेणी पेटेना म्हणून फुंकणीने फुंकत.

साठीच्या अलीकडेच तिला जिना चढवेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "आजी, बिडी-मिसरी काही?" आई इतकी ओशाळली की तिने पदर तोंडावर घेतला. तिने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. पुढे, तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेल्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेला लेख माझ्या वाचनात आला. धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या दमकोंडीच्या या जुनाट आजाराबद्दल तो आहे, आणि लाकूड-शेणीचा धूर हे त्याचं जगभरातलं फार मोठं कारण आहे, असं त्यात मांडलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या इंधनाच्या धुराने ३२ लाख माणसं गेली. आज्यांना काही झालं नाही असं नाही. त्यांना झालं, आणि आपण त्याला म्हातारपण म्हटलं. ज्यांनी तो धूर गिळला त्यांच्या नावाने आज कुणी दिवाणखान्यात आग पेटवत असेल, तर माझा त्याला विरोध आहे आणि राहील.

"पण बाई, माझ्या घरात तर धूर येतच नाही, तो वर जातो." वर जातो म्हणजे कुठे जातो?

हिवाळ्याच्या रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमीन भराभर निवते आणि तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती खाली बसते, गोदावरीच्या खोलगट पट्ट्यात साचते. तिच्यावर थोडी उबदार हवा झाकणासारखी बसते. उन्हाळ्यात धूर उंच चढून विरतो. थंडीत तो थोडा चढतो, गार होतो, झाकणाला लागतो आणि पसरत खाली येतो. जानेवारीत उजाडताना पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून शहराकडे पाहा. झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर एक राखाडी पट्टा आडवा पसरलेला दिसतो, ऊन वर आलं की तो हळूहळू सुटतो. म्हणजे ज्या रात्री शेगडी पेटवावीशी वाटते, नेमक्या त्याच रात्री हवेला धूर वाहून न्यायची ताकद नसते. २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आखला, त्यात हवेचा दर्जा न राखणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव आहे. ज्या देवळालीला मुंबईची माणसं केवळ हवेसाठी येऊन राहायची, तिच्या शेजारच्या शहराचं नाव.

वास्तुशांतीच्या त्या संध्याकाळी त्याने माझ्यासाठी मुद्दाम शेगडी पेटवली होती. ज्वाळा खरोखर देखण्या होत्या. मी थोडा वेळ बसले आणि रिक्षा येईपर्यंत फाटकाशी जाऊन उभी राहिले. शेगडी नुकतीच पेटली होती, नळी गार होती, सगळ्यात जास्त धूर सुटतो तो याच वेळी. धुराड्याच्या तोंडातून पांढरट धूर निघाला, कठड्याच्या वर पुरुषभर चढला आणि वाकून शेजारच्या प्लॉटवर उतरला. तिथे बांधकाम चालू होतं. वॉचमनचं कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहत होतं. पत्रा आणि विटा यांच्यामध्ये हातभर फट होती, त्या फटीतून तो धूर आत जाताना मी पाहिला. आतली बाई मांडीवरच्या मुलाच्या तोंडावर ओढणी धरून दुसऱ्या कोपऱ्यात सरकली.

हे मी त्याला नंतर सांगितलं. तो प्रामाणिक मुलगा आहे, त्याने विचार केला आणि म्हणाला, "पण तिच्या स्वतःच्या तीन दगडांच्या चुलीचा धूर माझ्या शेगडीहून कितीतरी जास्त आहे." खरं आहे. पण तिने ती चूल आवडीने मांडलेली नाही. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली, कोट्यवधी घरांत शेगडी-सिलिंडर पोचले, तरी पुढचं सिलिंडर भरायला पैसे नसले की बाया काटक्या गोळा करतात. तिला भाकरी भाजायची आहे. तुझ्या घरात गॅस आहे, वीज आहे, छतावर सौर पॅनेल आहेत. तिच्या धुराकडे बोट दाखवून तुझ्या धुराला परवानगी मिळत नाही. तिला सिलिंडर भरून देण्याची बुद्धी त्यातून व्हावी एवढंच मला वाटतं.

कार्बनचा हिशेबही तो सांगतो: झाडाने घेतलेला कार्बन झाडच परत देतं, म्हणून लाकूड निर्दोष. पण ओंडका एका संध्याकाळी जळतो, तेवढं झाड वाढायला दहा-वीस-तीस वर्षं लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड गॅसपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. सात किलोवॉटची शेगडी चार तास चालली तर सुकं लाकूडही नऊ किलोच्या आसपास जातं. पन्नास संध्याकाळी म्हणजे साडेचारशे किलो. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात म्हणावं, तर त्या काड्यांवर वर्षभराच्या फवारण्या बसलेल्या असतात, बोर्डो मिश्रणातलं तांबं असतं. त्या बारीक करून वेलाच्या बुडाशी घालणं शेतकरी आता शिकले आहेत. त्या मातीच्या आहेत, तिथेच जाऊ द्याव्यात.

एका गोष्टीबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. शेगडीची नळी दरवर्षी खरवडून साफ करावी लागते. विलायतेत त्यासाठी शिकलेले धुराडेवाले आहेत. नाशकात कोण करणार? नाक्यावरून रोजंदारीवर आणलेला कुणीतरी तरुण, नाकाला रुमाल बांधून. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, हे वैद्यकाने ओळखल्याचं ते पहिलं उदाहरण मानतात. जो धंदा आपल्या शहरात नव्हता, तो आपण हौसेपायी जन्माला घालणार आहोत, आणि त्यातला रुमाल बांधलेला माणूस कोण असेल हे आपल्याला आत्ताच माहीत आहे.

मग थंडीचं काय करायचं? माझ्या घरी मी करते ते सांगते. दुपारी दक्षिणेच्या खिडक्या उघड्या, पडदे बाजूला, ऊन फरशीवर पडू द्यायचं. चार वाजले की खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले. आपल्या बहुतेक बंगल्यांच्या दारांखाली बोटभर फट असते आणि झरोके कायम उघडे असतात. मी दारांना रबराच्या पट्ट्या लावल्या. गॅसचा गीझर आत नसलेल्या खोल्यांतले झरोके रात्रीपुरते झाकले, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला कधीच नाही. निरभ्र रात्री उष्णता सगळ्यात जास्त जाते ती स्लॅबमधून, म्हणून गच्चीवर विटांचा चुरा आणि चुन्याचा थर घालून घेतला, तो उन्हाळ्यातही उपयोगी पडतो. मागच्या जानेवारीत एका पहाटे बाहेर नऊ अंश होते तेव्हा माझ्या खोलीत एकोणीस होते. अंगावर दोन गोधड्या होत्या, त्यातली एक आईच्या लुगड्यांची. आणि ज्यांच्या घरी तान्हं बाळ किंवा थकलेलं माणूस आहे त्यांनी गरम-गार दोन्ही करणारा एसी लावावा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची ऊब देतो. तुझ्या छतावरच्या पॅनेलांनी दिवसा केलेली वीज रात्री तिथे कामाला येईल.

भिंत फोडायला घेतलेल्या दोन्ही घरांना माझी विनंती आहे की अजून स्लॅबला हात लागलेला नाही, तोवर गवंड्याला एक दिवस जास्त बोलवा आणि कोनाडा बुजवा. किंवा बुजवू नका, पुस्तकं ठेवा.

आणि तुला, माझ्या विद्यार्थ्याला: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी थर्मामीटर घेऊन मुक्कामाला येते. एक तुझ्या दिवाणखान्यात टांगू, एक व्हरांड्यात. चारला खिडक्या लावू, पडदे ओढू, दारांना पट्ट्या मी घेऊन येईन. त्या रात्री शेगडी पेटवायची नाही. पहाटे सहाला दोघं मिळून पारा वाचू, आणि मग शेजारच्या प्लॉटवर चहा घेऊन जाऊ.